तेच चिरमुरे, तेच बिस्किट : स्वमग्न मुलांचं खाणं आणि बदलणारं वागणं

बेळगावातल्या अनगोळमधल्या एका घरी मी आठवड्यातून दोनदा शिकवायला जाते. तिथला सहा वर्षांचा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला मुलगा चिरमुरे खातो ते बघण्यासारखं असतं. वाटीभर चिरमुरे ताटात पसरतो. करपलेला दिसला की बाजूला, तूस चिकटलेला दिसला की बाजूला, तुटका असला तरी बाजूला. मग उरलेले एकेक करून पुढच्या दातांनी, कुर्रकन. चिरमुरे, साय काढलेल्या दुधातला भात, बिनफोडणीचं वरण, केळ्याचे वेफर्स आणि एका ठरावीक पुड्यातलं ग्लुकोज बिस्किट. संपली यादी. गेली दोन वर्षं हा मुलगा या पाच जिनसांवर आहे.

मागच्या दिवाळीच्या सुमाराला त्या पुड्यावरचं चित्र बदललं. बिस्किट तेच, वजन तेच, चव तीच. पण त्यानं चार दिवस बिस्किटाला हात लावला नाही आणि पाचव्या दिवशी स्वतःच्या मनगटाला चावायला लागला. आई रडकुंडीला आली होती. म्हणाली, "टीचर, ह्याच्या पोटात असं काय गेलंय म्हणून असं करायलाय हा?"

हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही गेले तरी मला ऐकावा लागतो. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियन आणि कॉटन कँडीमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, जूनमध्ये कबाबातल्या रंगांवरही. तेव्हापासून तर विचारणारे वाढलेच. त्यात मोबाइलवर फिरणारे मेसेज : गहू बंद करा, दूध बंद करा, साखर बंद करा, मूल बोलायला लागेल. ज्या मुलाच्या ताटात मुळात पाचच गोष्टी आहेत, त्याच्या आईला 'बंद करा' सांगणं किती सोपं असतं! म्हणून हा लेख. खाणं आणि वागणं यांचा संबंध आहे, पण बहुतेकांना वाटतो तिथं तो नाही.

## आधी एवढं समजून घेऊ

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. औषधानं उतरणारा हा आजार नव्हे. मेंदूची घडणच सुरुवातीपासून निराळी असते. त्यामुळे तीन गोष्टी दिसतात. माणसांशी बोलण्यावागण्यातली देवाणघेवाण अवघड जाते. रोजची गोष्ट रोजच्यासारखीच लागते. आणि इंद्रियं काही बाबतींत फार तिखट, काही बाबतींत फार बोथट असतात. ही तिसरी गोष्ट अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत २०१३ साली अधिकृतपणे आली. पण खाण्याचा त्रास नवा नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या ११ मुलांवरून ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, त्यांतल्या कित्येकांनी तान्हेपणापासूनच खाताना त्रास दिल्याच्या नोंदी त्यांनी केल्या आहेत.

किती मुलांना हा त्रास असतो? २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ७० टक्के स्वमग्न मुलांचं खाणं वेगळं आढळलं. इतर मुलांमध्ये हेच प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी होतं. म्हणजे आपलंच मूल असं विचित्र निघालं, असं मनाला लावून घेणाऱ्या आईनं हे आकडे लक्षात ठेवावेत.

## भातातला खडा

जेवताना दाताखाली खडा आला की काय होतं? अंगावर शहारा येतो. पुढचे दोन-तीन घास आपण घाबरत घाबरत चावतो. भात कितीही मऊ आणि सुवासिक असला तरी मन त्या खड्यापाशीच अडकतं. आता कल्पना करा, आमटीतला कढीपत्ता हा खडा आहे, मोहरीचा दाणा खडा आहे, टोमॅटोची साल खडा आहे, दुधावरची साय तर चार खड्यांची बरोबरी करणारी आहे. स्वमग्न मुलाच्या तोंडात असंच काहीतरी चाललेलं असतं. चव पुढची गोष्ट. आधी आडवा येतो तो स्पर्श : गिळगिळीत, चिकट, दाणेदार, अर्धं मऊ अर्धं कडक. पोहे मला आवडतात, पण त्यात मऊ पोहा, कडक शेंगदाणा, ओला कांदा आणि कोथिंबिरीचं पान एकाच घासात असतं, हे मी या मुलांमुळे पहिल्यांदा नीट पाहिलं.

वासाचंही तसंच. हिंग-मोहरीची फोडणी बसली की आपली भूक चाळवते. हाच वास काही मुलांना इतका अंगावर येतो की ती नाक दाबून माडीवर पळतात.

दुसरी बाजू भरवशाची. कारखान्यातलं बिस्किट आज, उद्या, पुढच्या वर्षी अगदी एकसारखं लागतं. घरची आमटी रोज थोडी वेगळी असते. केळं काल घट्ट होतं, आज आतून काळं पडलंय. वांगं तर विचारूच नका : एका फोडीत बी, दुसरीत गर, वर सालीचा चामटपणा. (आवडीनं वांगं खाणारं स्वमग्न मूल मला आजवर एकच भेटलं, नंदगडचं.) जगच ज्याला क्षणाक्षणाला अनपेक्षित वाटतं, त्याला ताटात तरी ओळखीचं माणूस हवं असतं. बिस्किट हे त्याचं ओळखीचं माणूस. पुड्यावरचं चित्र बदललं म्हणजे त्या माणसाचा चेहरा बदलला. अनगोळच्या मुलाच्या पोटात नवं काहीच गेलं नव्हतं. उलट होतं तेही जायचं बंद झालं होतं. चार दिवस अर्धपोटी राहिल्यावर, आणि ते सांगायला शब्द नसताना, तो मनगट चावणार नाही तर काय करणार?

## ओढ कशाची असते?

एकाच गोष्टीची एवढी तल्लफ का, याला एक उत्तर नाही. मला दिसलेली कारणं सांगते.

कुरकुरीत खाण्यानं जबड्याला जोरकस काम मिळतं आणि त्यानं काही मुलं शांत होतात. परीक्षेच्या वेळी पेन्सिल चावणारी मुलं आठवा. अशा मुलाच्या हातून वेफर्स काढून घेतले की ते शर्टाची कॉलर चावायला लागतं. त्याला तेलकट-खारट हवं होतं असं नाही, चावायला काहीतरी हवं होतं. भाजलेले फुटाणे, कडक भाकरीचा पापुद्रा, गाजराचे लांब काप हे तेच काम करू शकतात. अर्थात ज्याला नीट चावता येत नाही त्याला फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात.

दुसरं कारण भुकेच्या काट्याचं. स्कूटरचा पेट्रोलचा काटा बिघडला तर टाकी भरलेली असूनही तो तळाशी दिसतो, किंवा टाकी रिकामी असूनही भरलेली दाखवतो. पोट भरलं, तहान लागली, लघवीला आली, या आतल्या जाणिवा काही स्वमग्न मुलांना स्पष्ट कळत नाहीत. म्हणून एक मूल डबा संपेपर्यंत खातच राहतं आणि दुसरं दिवसभर काही न मागता संध्याकाळी पाचला एकदम उसळतं. दुसऱ्याला वेळ झाली की खायला द्यावं, त्याच्या मागण्याची वाट पाहू नये.

तिसरं कारण औषधांचं, आणि ते सांगायचं बऱ्याचदा राहून जातं. फार चिडचिड किंवा स्वतःला इजा करणं असेल तर डॉक्टर रिस्पेरिडोन हे औषध देतात. त्याचा उपयोग होतो, पण भूक जबरदस्त वाढते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोनं वाढलं. औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांचं ०.८ किलोनं वाढलं. म्हणजे औषध सुरू झाल्यावर मूल रात्री उठून भाताच्या पातेल्याशी बसत असेल, तर तो हावरटपणा नाही. उलट चंचलपणासाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट दुपारची भूक मारतं, मग औषध उतरल्यावर भूक आणि चिडचिड हातात हात घालून येतात. मनानं औषध बंद करू नका. पण भुकेतला बदल, केव्हा सुरू झाला त्या तारखेसकट, डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि माती. खानापूरच्या मातीची भांडी आणि कौलं सगळीकडे नावाजलेली. पहिला पाऊस पडला की त्या तांबड्या मातीचा वास आपल्यालाही वेड लावतो. पण काही मुलं ती माती खातात. भिंतीचा पोपडा, खडू, कागद, दोरा, कच्चे तांदूळही खातात. जे अन्न नाही ते खायची सवय महिनाभराहून जास्त टिकली तर तिला 'पायका' म्हणतात. स्वमग्न मुलांमध्ये ती इतरांपेक्षा जास्त दिसते. तिचा संबंध अनेकदा शरीरातल्या लोहाच्या कमतरतेशी असतो. म्हणून ओरडण्याआधी, हाताला मिरची लावण्याआधी, रक्त तपासा : हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन. लोह कमी असेल तर झोपही अस्वस्थ होते आणि झोप मोडली की दिवसाचं वागणं बिघडतं. हे असं एकातून एक निघतं. पोपडे खाणाऱ्या मुलाचं शिसंही तपासून घ्यावं. घराच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नसावं हा नियम आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस लागू झाला, त्याआधीच्या तैलरंगांत ते कितीतरी जास्त असू शकतं. आणि शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं.

## वागणं अचानक बदललं? आधी पोट आणि दात बघा

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं या भागात आहे.

जांबोटीच्या वाटेवरच्या एका गावातली नऊ वर्षांची मुलगी. बोलत नाही. खाण्यात भात, दूध, बटाटा आणि खारी. एका पावसाळ्यात तिनं डोकं आपटायला सुरुवात केली. शेजारणीनं नजर लागली म्हणून सांगितलं, मीठ-मोहरी ओवाळून झाली. नातेवाइकांनी साखर बंद करायला लावली. मी तिच्या आईला एवढंच सांगितलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन खुणा करायच्या : संडासला झाली तर हिरवा ठिपका, डोकं आपटलं तर लाल. महिन्याचं पान भरल्यावर आम्ही दोघी जमिनीवर बसून ते बघत होतो. लाल ठिपके पाच-पाच, सहा-सहा दिवसांचे गट करून बसले होते. प्रत्येक गटाच्या शेवटी हिरवा ठिपका आणि त्यानंतर दोन दिवस पान कोरं. आईनं बोट ठेवून मोजलं आणि पदराआड तोंड लपवलं.

बद्धकोष्ठ. एवढंच. पोटात कळ येत होती, ती सांगता येत नव्हती. आणखी एक गोष्ट आम्हाला चकवत होती. मधूनमधून चड्डीला पातळ डाग लागायचे, म्हणून घरच्यांना वाटायचं जुलाब होतायत आणि ते तिला आणखी कोरडं खायला घालायचे. खरं तर आत घट्ट साचलेल्या मळाच्या कडेनं पातळ पाझरत होतं. बालरोगतज्ज्ञांनी मळ मऊ करणारं औषध दिलं, जेवणानंतर दहा मिनिटं बसवायला सांगितलं, पाय लोंबकळू नयेत म्हणून पायाखाली पाट. डोकं आपटणं महिन्याभरात जवळजवळ थांबलं. तिचा ऑटिझम आहे तसाच आहे. दुखणं गेलं.

हे एकटीदुकटीचं नाही. २०१४ साली बालरोगशास्त्राच्या एका नियतकालिकात अनेक अभ्यासांची बेरीज करून दाखवलं गेलं की स्वमग्न मुलांना पोटाच्या तक्रारी असण्याची शक्यता इतर मुलांच्या चौपट असते. बद्धकोष्ठ, जुलाब आणि पोटदुखी त्यात आघाडीवर. आंबट ढेकर वर येणारं मूल रात्री आडवं पडायला तयार नसतं. दाढ किडलेलं मूल कडक खाणं सोडून मऊ मागायला लागतं आणि आपल्याला वाटतं आवड बदलली. कान दुखणारं मूल गालावर थापडा मारतं. वयात येणाऱ्या मुलीची पाळीच्या आधी चार दिवस चिडचिड होते. काही मुलांना फिट्सही असतात. त्यांचं मधेच शून्यात बघणं हे हट्ट समजून सोडून देऊ नये.

न बोलणाऱ्या मुलाचं वागणं चार-आठ दिवसांत एकदम बदललं तर काय खाल्लं हा प्रश्न तिसरा किंवा चौथा. पहिला, कुठं दुखतंय?

## मग गहू आणि दूध बंद करायचं का?

या कल्पनेमागे एक सिद्धान्त आहे, तो नीट समजून घेऊ. १९७९ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी अशी शक्यता मांडली की ऑटिझमचा संबंध मेंदूवर अफूसारखं काम करणाऱ्या द्रव्यांशी असावा. पुढं त्याला जोड मिळाली ती अशी : गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं केसीन ही प्रथिनं अर्धवट पचतात, त्यांचे तुकडे आतड्यातून रक्तात आणि तिथून मेंदूत जातात, मूल गुंगीत राहतं आणि त्याच पदार्थांची तल्लफ धरतं. ऐकायला पटण्यासारखं आहे. आईच्या डोळ्यांसमोर तर असतंच : हा बिस्किट आणि दूधच मागतो.

पण पटणं वेगळं आणि कसाला उतरणं वेगळं. अमेरिकेत रोचेस्टर इथं झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. १४ स्वमग्न मुलांना आधी काही आठवडे गहू-दूध पूर्ण बंद ठेवलं. मग कधी गव्हाचा, कधी दुधाचा, कधी दोन्हींचा, कधी कशाचाच नाही असा खाऊ दिला. कोणता खाऊ कुठला हे आईवडिलांना, शिक्षकांना, तपासणाऱ्यांना, कुणालाच माहीत नव्हतं. झोपेत, शौचाला होण्यात, वागण्यात फरक दिसला नाही. १४ मुलं म्हणजे थोडीच, पण चाचणी फार काटेकोर होती. आणि गहू-दुधाविना आहारानं ऑटिझममध्ये सुधारणा होते असा भक्कम पुरावा इतर चाचण्यांतूनही आलेला नाही.

"आमच्या भावकीतल्या पोराला फरक पडला की!" हे मी कितीतरी वेळा ऐकलंय आणि मी ते खोटं मानत नाही. काही मुलांना दूध खरंच पचत नाही, पोट फुगतं. ते बंद केलं की पोट शांत, मूलही शांत. काहींना सीलिअॅक हा गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा आजार असतो. म्हणून शंका असेल तर आधी तपासणी करा, मग गहू सोडा. हा क्रम उलटा झाला तर तपासणीत आजार दिसतच नाही, कारण गहू पोटात असतानाच ती चाचणी खरी ठरते.

आपल्याकडे गहू सोडणं तसं जड नाही, भात आणि जोंधळ्याची भाकरी घरात असतेच. जड आहे ते दूध सोडणं. २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा स्वमग्न मुलांच्या खाण्यात कॅल्शियम आणि प्रथिनं आधीच कमी पडतात असं दिसलं. अशा मुलाचं दूधही काढून घेतलं तर हाडं कशावर वाढणार? नाचणी, तीळ, बारकी मासळी यांतून भरपाई होऊ शकते, पण आंबिलाचा घोट घ्यायला मूल तयार असलं तर ना. आहारतज्ज्ञाला न विचारता दूध काढू नका, असं मी हात जोडून सांगते.

आतड्यातल्या जिवाणूंबद्दलही हल्ली बरंच बोललं जातं. ऑस्ट्रेलियात २४७ मुलांचे नमुने तपासून २०२१ साली निघालेला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे : जिवाणूंमुळे ऑटिझम, असं चित्र दिसलं नाही. खाणं मोजक्याच पदार्थांचं, म्हणून जिवाणूंची विविधताही कमी, असं उलटं चित्र दिसलं. महागड्या प्रोबायोटिकच्या (पोटाला चांगल्या जिवाणूंच्या) बाटल्या घेण्याआधी हे लक्षात असू द्या.

## साखर, रंग आणि आपली नजर

बेळगावात कोणाच्या घरी आनंदाची बातमी असली की कुंदा येतो. लग्नात मुलानं कुंदा खाल्ला आणि रात्री बारापर्यंत उड्या मारल्या, तेव्हा साखरेलाच दोष दिला जातो. पण त्या रात्री बँड होता, दिवे होते, दोनशे माणसं होती आणि झोपेची वेळ टळून गेली होती. साखर आणि वागणं यांच्या नियंत्रित चाचण्या १९९५ साली एकत्र तपासल्या गेल्या. साखरेनं मुलांचं वागणं बिघडतं असं निघालं नाही. त्याच्या आदल्याच वर्षीचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. आपला मुलगा साखरेनं बिथरतो असं मानणाऱ्या आयांपैकी निम्म्यांना सांगितलं की त्याला आता भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात कोणालाच साखर दिली नव्हती. तरी त्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला. त्या त्याच्या अवतीभवतीच राहिल्या, जास्त टोकत राहिल्या. यात आयांचा दोष नाही. आपण जे शोधतो ते दिसतं, माणसाचं मन तसंच चालतं. म्हणून वहीत लिहिणं महत्त्वाचं. कॅलेंडरवरच्या ठिपक्यांना आधीपासूनचं मत नसतं. साखर कमी ठेवा ती दातांसाठी, वजनासाठी.

रंगांची गोष्ट थोडी निराळी आहे. २००७ साली इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या संशोधकांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवणारं रसायन) यांच्या मिश्रणानं मुलांची चंचलता थोडी वाढलेली दिसली. ही सर्वसाधारण मुलं होती. त्यानंतर २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. आपल्याकडे ज्यावर कारवाई झाली तो रोडामिन-बी तर कापड रंगवायचा रंग, खाण्यात वापरायची परवानगी त्याला कधी नव्हतीच. तेव्हा भडक लाल गोबी कुठल्याच मुलाला देऊ नये. पण ती बंद केल्यानं ऑटिझम कमी होईल ही आशा मात्र धरू नये.

## "भूक लागली की खाईल की!"

आजीचं हे म्हणणं बऱ्याच मुलांना लागू पडतं. स्वमग्न मुलाला पडेलच असं नाही. भुकेचा काटा बिघडलेला आणि समोरचं अन्न खड्यासारखं, अशा स्थितीत ही मुलं खरंच उपाशी राहतात. जगभरच्या डॉक्टरांनी अशा मुलांच्या नोंदी केल्या आहेत, ज्यांनी लंगडायला सुरुवात केली, चालायचं सोडलं. हाडांचे फोटो काढले, नसांच्या तपासण्या झाल्या आणि शेवटी निघाला स्कर्व्ही, जुन्या काळी समुद्रावरच्या खलाशांना व्हायचा तो क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. कारण वर्षानुवर्षं खाण्यात एकही फळ, एकही भाजी नव्हती. हिरड्यांतून रक्त, पाय दुखणं, जखम न भरणं दिसलं तर वाट पाहू नका. वजन घटत असेल, वाढ थांबली असेल, यादीतले पदार्थ एकेक करून गळत चालले असतील तरीही.

आणि "आईनं लाडावलंय" हे वाक्य कृपा करून घरातून हद्दपार करा. विसाव्या शतकाच्या मध्यात परदेशातल्या तज्ज्ञांनीही ऑटिझमचं खापर आयांच्या थंड वागण्यावर फोडलं होतं. ते चुकीचं होतं हे कधीच सिद्ध झालंय. नाक दाबून घास कोंबणं तर धोक्याचंच. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि ज्या हातानं भरवलं त्या हाताची भीती बसते ती वेगळीच.

## ताटात भर कशी घालायची

आहे ते काढायचं नाही, त्याला लागून पुढचं ठेवायचं. साखळीची कडी जशी आधीच्या कडीत अडकवतात तसं. साधे चिरमुरे चालतात ना? मग तेच, किंचित हळद-मीठ लावलेले. ते रुळले की त्यात फुटाण्याची पूड, बोटाच्या पेरावर मावेल एवढी. मग शेंगदाण्याचं बारीक कूट. भडंगापर्यंत पोचायला अनगोळच्या त्या मुलाला सात महिने लागले, आणि लसूण अजूनही त्याला चालत नाही. सर्वसाधारण मुलालासुद्धा नवा पदार्थ आपलासा करायला आठ-दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. इथं त्याहून जास्त वेळा येऊ द्या. खाल्लाच पाहिजे असं नाही. आज ताटलीत शेजारी असला, उद्या हात लावला, परवा हुंगला, हे सगळं जमेत धरा.

बिस्किटाचा तिढा आम्ही असा सोडवला : पुडा दिसायलाच नको म्हणून बिस्किटं स्टीलच्या डब्यात काढून ठेवायची आणि तो डबा त्याच्या हातानं उघडू द्यायचा. आता पुड्यावर कुठलंही चित्र येवो.

एक चूक मात्र करू नका. त्याच्या आवडत्या दूधभातात गुपचूप लोहाचं औषध किंवा भाजीची पेस्ट मिसळू नका. त्याची जीभ तुमच्यापेक्षा तिखट आहे. एकदा फसवणूक लक्षात आली की दूधभात कायमचा जातो आणि पाचाच्या चार गोष्टी उरतात. औषध औषध म्हणून, वेगळ्या चमच्यात.

शाळेतही हे बोलून ठेवावं. कर्नाटकात सरकारी शाळांतून दूध, अंडं किंवा केळं मिळतं, चांगली योजना आहे. पण उकडलेल्या अंड्यांच्या वासानं भरलेल्या खोलीत आपलं मूल ओकारी काढत असेल तर त्याला दाराजवळ, वाऱ्याला बसवा आणि घरचा डबा खाऊ द्या, एवढी विनंती मुख्याध्यापकांना करायला संकोचू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे ही मेहेरबानी मागणं होत नाही. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अजून काढलं नसेल तर काढा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, तोही बघा.

## दोन भाषांतलं जेवण

आपल्या भागातली एक अडचण पुस्तकांत सापडत नाही. घरी मराठी, शाळेत आणि बऱ्याचदा थेरपीतही कन्नड. मराठीत अन्न म्हणजे कुठलंही खाणं, कन्नडमध्ये अन्न म्हणजे शिजलेला भात. कन्नडमध्ये दूध म्हणजे 'हालु', आणि घरी आजी ओरडते "हालू नको!" शब्दाचा एकच अर्थ घट्ट धरून ठेवणाऱ्या मुलाची यात किती तारांबळ होत असेल! त्यावर काही जण सल्ला देतात की घरात मराठी बोलणंच बंद करा. तसं करायची गरज नाही. दोन भाषा ऐकल्यानं स्वमग्न मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि आईनं आपल्या भाषेत लाड करायचे नाहीत तर कुणी करायचे?

आम्ही चित्रांची कार्डं करतो. एका बाजूला चित्र, खाली दोन्ही शब्द. भूक, पाणी, दुखतंय, नको. सगळ्यात जास्त झिजतं ते तळहात दाखवणारं कार्ड, खाली लिहिलेलं 'पुरे / साकु'. अनगोळच्या घरी मागच्या महिन्यात आजी वरणभाताचा आणखी एक चमचा पुढं करत होती. तो मनगट तोंडाकडं नेता नेता थांबला, उठला, भिंतीवरच्या दोरीवरून ते कार्ड काढून आणलं आणि आजीच्या मांडीवर ठेवलं. आजीनं कार्ड उलटसुलट करून बघितलं, म्हणाली, "साकु? बरं बाबा, साकु," आणि चमचा वाटीत ठेवला.